अंगणातला आंबा कुणाचा?

प्रश्न : ठाण्यात आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या सभासदांनी लावलेला आंबा तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना टेकला आहे. छाटणीचा खर्च कुणाचा?

उत्तर : सोसायटीचा. अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावे होणे) झाले असेल तर जमीन सोसायटीची आणि झाडही तिचेच. लावले कुणी, याने मालकी ठरत नाही. कमिटीचा ठराव आणि फोटो जोडून सचिवांनी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा, तोही पावसाळ्याच्या बराच आधी. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार विनापरवानगी तोड हा गुन्हा आहे. इमारतीकडच्या एकाच बाजूच्या फांद्या उतरवून थांबू नका. तोल जाऊन वादळात झाड कोसळते. बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक मात्र आजच काढा. मीटरभर माती मोकळी नसेल तर मुळे गुदमरतात, आणि बिचाऱ्या झाडाला ते सांगताही येत नाही.