बडोद्यात सासरे आयसीयूत आहेत. मॉनिटर सारखा वाजतो, सिस्टर आवाज बंद करून जातात. हे धोक्याचं आहे का?

बहुतेक वेळा नाही. बोटावरची ऑक्सिजनची क्लिप सरकली किंवा छातीवरचं इलेक्ट्रोड सुटलं तरी मॉनिटर वाजतो. मी इथल्याच रुग्णालयांत मॉनिटर बसवतो. खाटेजवळचं यंत्र नर्सिंग स्टेशनच्या पडद्याला जोडलेलं असेल, तर आवाज थांबवल्यावरही सिस्टरना आकडे तिथे दिसत राहतात. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेच्या 2013 च्या इशाऱ्यात 85 ते 99 टक्के अलार्मना उपचाराची गरज नसते असं म्हटलं होतं. खरी भीती हीच, की त्या गोंगाटात उरलेला एखादा खरा अलार्म निसटतो. म्हणून सासऱ्यांच्या तब्येतीप्रमाणे अलार्मच्या मर्यादा लावल्यात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र लाल दिवा लुकलुकत असेल किंवा व्हेंटिलेटर वाजत असेल, तर क्षणभरही थांबू नका, सिस्टरना हाक मारा. बटणाला स्वतः हात लावू नका.