सूर आणि सवाल

प्रश्न : रॉक्सी म्युझिक या ब्रिटिश रॉक बँडचे सुरुवातीचे अल्बम मला पाठ आहेत. आधीच्या अल्बमनंतर चार वर्षांनी आलेला १९७९चा 'मॅनिफेस्टो' मात्र गुळगुळीत वाटतो. मंडळी विकली गेली का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, विकली कसली! गुळगुळीत आहे हे मान्य. १९७२मध्ये बँडमधला ब्रायन ईनो सिंथेसायझरमधून चित्रविचित्र आवाज काढायचा. तो १९७३लाच बाहेर पडला, म्हणजे काटे आधीच झडू लागले होते. १९७६ला बँड थांबला. परतला तेव्हा सगळीकडे डिस्को. याच अल्बममधलं 'डान्स अवे' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि ते गुळगुळीत असूनही रडवतं, निदान मला तरी.

पण एकदा हेडफोन लावून पहिलंच गाणं ऐका. गिटार, सॅक्सोफोन नुसते घुमत राहतात, गायक ब्रायन फेरी बराच वेळ तोंडच उघडत नाही. पुनरागमनाच्या अल्बमची सुरुवात अशी करायला धाडस लागतं! तबकडीची दुसरी बाजू मलाही थोडी पातळ लागते, खोटं कशाला बोलू.

आणि हो, तुमची प्रत कोणती? मूळ एलपीवरचं (पहिल्या तबकडीवरचं) 'एंजल आईज' हे गाणं चांगलं खणखणीत रॉक आहे. सिंगलसाठी, म्हणजे एकट्या गाण्याच्या वेगळ्या तबकडीसाठी, ते डिस्को ठेक्यावर नव्याने केलं आणि नंतरच्या अनेक प्रतींत तेच घुसवलं. मी कितीतरी वर्षं तेच मूळ समजून शिव्या घालत होतो. जुनी प्रत मिळवा, मग भांडू.