लंडनहून एका दिवसात दक्षिण इंग्लंडातल्या ब्यूलीचं मोटार संग्रहालय पाहून होतं का? मुलं कंटाळतील का?

होतं. वॉटर्लूहून ब्रॉकनहर्स्टची ट्रेन, दीडेक तास, पुढे टॅक्सी. मुलांना मोनोरेलमध्ये बसवा. पण नुसत्या गाड्यांचे फोटो काढून परतणार असाल तर जाऊच नका. आधी तिथल्याच पॅलेस हाऊस या जुन्या वाड्यात शिरा.

आमच्या वाड्याच्या पडवीत वडिलांची फियाट अकराशे असायची, उंबऱ्यावर फळ्या टाकून आत घेतलेली. वडील गेल्यावर दादानं ती भंगारवाल्याला वजनावर दिली. मी हॉस्टेलवर, मला पत्रानं कळलं. कारण काय, तर "घरभर ऑइलचा वास येतो, आणि जुन्या लोखंडाला कोण विचारतंय!" तेव्हापासून आमचं वाजलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी दादा इकडे साउथॅम्प्टनला आला, तेव्हा मुद्दाम त्याला ब्यूलीला नेला. पॅलेस हाऊस म्हणजे मुळात 1204 साली स्थापन झालेल्या मठाचा दरवाजा. मठ 1538 मध्ये मोडीत निघाला, दरवाज्याचा वाडा झाला. त्या वाड्याच्या घराण्यातल्या जॉन माँटेग्यूला मोटारीचं वेड. 1899 मध्ये त्यानं डेमलर गाडी थेट पार्लमेंटच्या आवारात घातली, तर पोलीस आडवा आला. मोटारींची कमाल गती ताशी 14 मैलांवरून 20 वर नेणाऱ्या 1903 च्या कायद्यासाठी झटणाऱ्यांत हाच. नंबरप्लेटही त्याच कायद्यानं आली.

आपल्याशी संबंध म्हणाल तर, 1915 च्या डिसेंबरात हा गृहस्थ सरकारचा मोटार-वाहतूक सल्लागार म्हणून हिंदुस्थानात यायला 'पर्शिया' बोटीवर चढला. बोट मुंबईला निघालेली. 30 डिसेंबरला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीनं ती बुडवली. हा वाचला, पण सोबतची सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन गेली. रोल्स-रॉइस गाडीच्या बॉनेटवरची ती बाईची मूर्ती हिच्यावरूनच घडवली असं म्हणतात. ब्यूलीजवळच्या बकलर्स हार्ड गावातल्या संग्रहालयात त्या बोटीचं दालन आहे, तेही बघा. दादा तिथं गप्प उभा राहिला, एरवी तो कुठं गप्प राहत नाही.

जॉन 1929 मध्ये वारला तेव्हा मुलगा एडवर्ड दोन वर्षांचा. मोठा झाल्यावर हा वाडा पोसायचा कसा, म्हणून त्यानं 1952 मध्ये तिकीट लावून दारं उघडली. बापाच्या आठवणीसाठी पाच जुन्या गाड्या ठेवल्या. कुठं? घराच्या पुढच्या दिवाणखान्यात!

मी दादाला तिथंच धरलं. म्हटलं, "इथं ऑइलचा वास येत नसेल? लॉर्ड माणूस तो, त्यानं नाही भंगारवाला बोलावला." पाच गाड्यांवरून 1972 पर्यंत राष्ट्रीय मोटार संग्रहालय उभं राहिलं. तेव्हा घरात जुनी गाडी असेल तर विकू नका, मोठे भाऊ काहीही म्हणोत.

आता खरं सांगायचं तर, त्या लॉर्डनंही पुढे गाड्या घरातून काढून लाकडी शेडमध्ये नेल्या. दादानं तो फलक माझ्याआधी वाचला होता. बाहेर चहा घेताना म्हणाला, "शेडला जागा होती त्याच्याकडे. आपल्याकडे पडवी होती, आणि तिच्यात आईची खाट."

हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिकीट आधी ऑनलाइन काढा.