व्याकरण येत असूनही विद्यापीठातले विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला गप्प का बसतात?

लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवणारे विद्यार्थी वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की गप्प का होतात आणि त्यात भावनांचा वाटा किती, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवत आहे. माझा अनुभव असा की या गप्प बसण्यामागे अज्ञानापेक्षा भीती मोठी असते, आणि ती चारचौघांत हसे होण्याची असते.

माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. उतारा पाळीपाळीने वाचायचा असला की ती पुढच्या बाकांवरची डोकी मोजून आपल्या वाट्याचे वाक्य हेरून ठेवी, त्यावर पेन्सिलीने खूण करी आणि ते ओठांतल्या ओठांत घोकत बसे. तोवर इतरांनी काय वाचले, याचा तिला पत्ताही नसे. आणि मी मध्येच कोणाला दोन वाक्ये वाचायला सांगितली, की तिचा सगळा हिशेब चुकून ती कावरीबावरी होई. तिच्या वहीतले इंग्रजी मात्र स्वच्छ होते.

परकी भाषा शिकण्यावर संशोधन करणाऱ्या इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये वर्गातली ही चिंता मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. संवादाची धास्ती, परीक्षेची चिंता आणि इतरांकडून वाईट मत होण्याची भीती या तीन गोष्टींशी त्यांनी या चिंतेचे नाते जोडले. त्यांतली तिसरी मला या वयात सर्वांत जड वाटते. आपल्या भाषेत कोणत्याही विषयावर हिरिरीने वाद घालणाऱ्या तरुणाला इंग्रजीत लहान मुलासारखी तोकडी वाक्ये बोलावी लागतात, त्यामुळे क्रियापदाची साधी चूकही त्याला आपल्या बुद्धीवर आलेला डाग वाटते. अर्थात सगळेच भीतीच्या माथी मारू नये. पाया कच्चा असल्यामुळे भीती वाटते, असेही पुष्कळदा घडते, आणि मग दोन्ही एकमेकांना वाढवत जातात. नोकरीसाठी शिकणे की आवडीने शिकणे, याचाही परिणाम होतो, पण वर्गातल्या त्या क्षणी तो मला दुय्यम दिसतो.

शिक्षकाच्या हाती असलेली गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यानंतरची शांतता. आपण बहुधा एखाद्या सेकंदातच दुसऱ्याकडे वळतो. तीन-चार सेकंद थांबलो तरी विद्यार्थी अधिक लांब उत्तरे देतात. वर्गापुढे बोलण्याआधी दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलू द्यावे, आणि वाक्य पूर्ण होण्याआधी चूक दुरुस्त करू नये.

पाळीने वाचून घेणे मी त्या वर्गात बंद केले. काही आठवड्यांनी त्या विद्यार्थिनीने स्वतःहून हात वर करून एक प्रश्न विचारला. त्यात काळाची चूक होती. मी ती तशीच राहू दिली आणि प्रश्नाचे उत्तर दिले.