वॉरंटीतल्या गाडीचं बिल लावलंय? आधी हे करा

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर आवाज चढवू नका, जॉबकार्ड (गाडीची तक्रार आणि काम लिहितात तो कागद) मागा. त्यावर 'एसी चेक करणे' असं मोघम नको. 'एसी गार होत नाही, गॅस भरूनही पुन्हा कमी होतो' असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, मगच सही.

रत्नागिरी-मालवणकडे ठरलेलं उत्तर मिळतं: 'खाऱ्या हवेनं गंजलंय, वॉरंटीत बसत नाही.' कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) गळत असेल तर विचारा, गळती गंजलेल्या जाळीतून आहे की पाइपच्या जोडातून? जोडाची ओ-रिंग (रबरी कडी) गेली असेल तर गंजाचं कारण चालत नाही. नकाराचं कारण आणि वॉरंटी पुस्तिकेतलं कलम लेखीच घ्या. ब्रेक पॅड, वायपर हे झिजायचेच, तिथे शक्ती घालवू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ज्याच्या बदलीचे पैसे भरले तो जुना पार्ट तिथेच सोडतात. तो ताब्यात घ्या.
- गाडी अडकते म्हणून मुकाट पैसे भरतात. भरा, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर 'हरकत नोंदवून भरले' लिहा.

मग कंपनीला ईमेल करा; नुसता फोन नको. दाद नाही लागली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. शोरूम कोल्हापूरला असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत २ वर्षं. वकिलाचं नंतर बघू.