पॉलिमर क्लेच्या मंडळात नेमके काय चालते?

आपण विचारले आहे की, जवळच पॉलिमर क्ले (मातीसारखा मळता येणारा आणि ओव्हनमध्ये भाजून कडक होणारा पदार्थ) कलाकारांचे एक मंडळ दर महिन्याला भरते, तर तिथे नेमके काय करतात आणि व्हिडिओ पाहून घरच्या घरी शिकणाऱ्या नवख्या व्यक्तीला तिथे जाऊन काही मिळते का. मी अशा एका मंडळाची सात वर्षांपासून सभासद आहे आणि त्याआधी दोन वर्षे आपल्यासारखीच एकटी शिकत होते, म्हणून दोन्ही बाजू पाहिल्याच्या आधाराने सांगते की अवश्य जावे.

बैठकीचा मुख्य भाग म्हणजे एखाद्या सभासदाने करून दाखवलेले प्रात्यक्षिक आणि त्यानंतर सर्वांनी मिळून त्याचा केलेला सराव. लांबट टेबलांवर प्रत्येकाच्या पुढ्यात एक गुळगुळीत फरशी असते, कडेला क्लेच्या पातळ पट्ट्या लाटणारे पास्ता मशीन घट्ट बसवलेले असते, आणि पहिला अर्धा तास तर नुसता क्ले मळण्यात जातो. हा क्ले खरे पाहता माती नसून पीव्हीसीचे सूक्ष्म कण आणि त्यांना मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर यांचे मिश्रण असतो. तो नीट मळला नाही तर लाटताना कडांना भेगा पडतात आणि भाजल्यावर वस्तू ठिसूळ निघते. किती मळले म्हणजे पुरे, हे पुस्तकात वाचून कळत नाही. शेजारणीने तिचा गोळा आपल्या हातात दिला की एका क्षणात कळते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे केन बारीक करणे. केन म्हणजे रंगीत पट्ट्या, कांड्या आणि पाचरी एकमेकींना लावून रचलेला ठोकळा. त्याच्या आरपार एकच चित्र असते आणि कुठेही काप घेतला तरी तेच फूल किंवा तेच पान दिसते. मनगटाएवढा जाड ठोकळा पेन्सिलीएवढा बारीक करायचा आणि तरीही आतले फूल विस्कटू द्यायचे नाही, ही खरी परीक्षा. मी घरी ठोकळा टोकाकडून लाटत असे, त्यामुळे बाहेरचा थर पुढे सरके, गाभा मागे राही आणि बराचसा भाग वाया जाई. मंडळातल्या एका ज्येष्ठ ताईंनी माझ्या हातावर हात ठेवून दाखवले की, आधी ठोकळा मधोमध चहूबाजूंनी दाबून त्याला डमरूसारखी कंबर काढायची आणि मग तिथून हळूहळू दोन्ही टोकांकडे सरकायचे. सगळ्या रंगांचा मऊपणा सारखा असला पाहिजे, नाहीतर मऊ रंग बाहेर निसटतो आणि घट्ट रंग जागच्या जागी राहतो, हेही त्यांनीच सांगितले. तयार केन थंड होऊ देऊन मग धारदार पात्याने कापला की काप दबत नाहीत.

भाजण्याच्या बाबतीत तर मंडळाचे माझ्यावर फार उपकार आहेत. बहुतेक ब्रँडचा क्ले साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला भाजतात. फिमो या ब्रँडच्या पाकिटावर ११० अंश आणि ३० मिनिटे असे लिहिलेले असते. माझ्या पांढऱ्या वस्तू दर वेळी पिवळट पडत आणि मी रंगाला दोष देत असे. एका बैठकीनंतर मंडळाचा ओव्हन थर्मामीटर उसना घेऊन घरी लावला, तेव्हा बटण १३० वर असताना आतले तापमान १५५ च्या पुढे गेलेले दिसले. ही गोष्ट रंगापुरती मर्यादित नाही, कारण क्ले प्रमाणाबाहेर तापून जळू लागला तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. आमच्याकडे अधूनमधून सभासद घरी भाजलेल्या पातळ पट्ट्या घेऊन येतात आणि त्या वाकवून पाहतात. नीट भाजलेली पट्टी लवते, कच्ची असेल तर कट्कन तुटते. मला हा कार्यक्रम प्रात्यक्षिकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

याखेरीज देवाणघेवाण असते. बारा जण ठरलेल्या विषयावर प्रत्येकी बारा मणी करतात आणि परत जाताना प्रत्येकाकडे बारा वेगवेगळ्या हातांचे बारा मणी असतात. माझ्याकडे असा एक मणी आहे, ज्याच्या आत अभ्रकयुक्त क्लेची झळाळी पाण्यासारखी हलल्याचा भास होतो, पण बोट फिरवले तर पृष्ठभाग अगदी सपाट लागतो. तो कसा केला असेल हे शोधण्यात माझा एक पूर्ण महिना गेला आणि त्यातून मी कोणत्याही वर्गापेक्षा अधिक शिकले. काही मंडळे रुग्णालयांतील मुलांसाठी मणी करून देतात, काही वर्षातून एकदा विक्री भरवतात. आपले मंडळ यांपैकी काय करते ते तिथेच विचारावे.

पहिल्या दिवशी एक गुळगुळीत फरशी, पाते, ओले पुसणे आणि दोन-तीन रंग एवढेच न्यावे. कच्चा क्ले कडक प्लॅस्टिकच्या डब्यात शक्यतो ठेवून नेऊ नये, कारण प्लॅस्टिसायझरमुळे काही प्रकारचे प्लॅस्टिक विरघळू लागते; बटर पेपरमध्येही गुंडाळू नये, कागद प्लॅस्टिसायझर शोषून घेतो आणि क्ले कोरडा पडतो, म्हणून साधी झिप पिशवी उत्तम. क्लेसाठी वापरलेली पास्ता मशीन, लाटणे किंवा ताट पुन्हा स्वयंपाकात वापरायचे नाही, हा नियम घरीही पाळावा. आणि आपली बिघडलेली वस्तू संकोच न करता सोबत न्यावी: भेग गेलेला मणी किंवा फूल विस्कटलेला केन टेबलावर ठेवला की चार जणी तो उलटसुलट करून पाहतात आणि नेमके कुठे चुकले ते बहुधा दहा मिनिटांत सापडते.