‘पुढच्या महिन्यात बघू’नं मुदत वाढत नाही

विश्रामबाग, सांगलीचे एक वाचक लिहितात : १९५९ची फोक्सवॅगन बीटल पुण्याच्या गॅरेजात दिली होती. त्या काळच्या बीटलला पेट्रोलचा काटा नसे. टाकीखालच्या कॉकची कांडी पायाशी येते, मेन उंच नळीतून ओढतो, ते संपलं की कांडी रिझर्व्हला वळवायची, मग तळाच्या भोकातून उरलेलं उतरतं. गॅरेजनं कॉक बदलला, टाकी साफ केली, १८,५०० रुपये घेतले. तीन आठवड्यांत कवठेमहांकाळच्या पुढं रात्री गाडी बंद पडली. कांडी वळवली, तरी पेट्रोल उतरलं नाही. गॅरेजवाले तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतायत. आता नोटीस पाठवू का, आणि मिरजेच्या मेकॅनिककडून कॉक उघडून घेऊ का?

सेवेतली त्रुटी, मनस्ताप, भरपाई हे सगळं तुम्ही वाचूनच आला आहात, ते सोडतो. तुमच्या बिलावरची तारीख बघा. तिला बावीस महिने झालेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. कारण बिलाच्या दिवशी घडलं की गाडी बंद पडली तेव्हा, यावर वाद घालता येईल. पण वाद घालायची पाळीच कशाला आणायची? बिलाची तारीख धरून चला. समोरच्यानं दिलेल्या आश्वासनांनी मुदत सहसा लांबत नाही, आणि नोटिशीनं तर नाहीच. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘ते बघतो म्हणाले म्हणून थांबलो’ हे कितपत चालेल, सांगता येत नाही. असे थांबणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात.

तेव्हा पंधरा दिवसांची नोटीस द्या, पण तक्रारीचा मसुदा त्याच दिवशी लिहायला घ्या. तुम्ही राहता तिथं, म्हणजे सांगली जिल्हा आयोगातच दाखल करता येते, पुण्याला खेटे नकोत. गॅरेजला दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्यानं फीही नाही.

कॉक मात्र उघडू नका! तोच तुमचा पुरावा आहे. रस्त्यावर टाकीत न बघताच कॅनमधलं पाच लिटर ओतलंत आणि निघालात, तिथं पहिला पुरावा गेलाच. आता गॅरेजला तारीख कळवा, एखाद्या तटस्थ ऑटोमोबाइल इंजिनिअरला बोलवा, व्हिडिओ चालू ठेवा. गाडी मोकळ्या जागेत, सपाटीवर, बॅटरी सोडवून. कांडी मेनला ठेवून कॉकच्या पुढचा पाइप जाणत्या मेकॅनिकनं सोडवावा आणि पेट्रोल कॅनमध्ये उतरू द्यावं. धार थांबली की कांडी रिझर्व्हला. साधारण पाच लिटर यायला हवं. आलं नाही, तर टाकीच्या तोंडातून कोरडी लाकडी पट्टी तळापर्यंत घाला. पट्टी कोरडी निघाली, तर मेनच तळातून ओढतोय : उंच नळी तुटलीय, नाहीतर बसवलीच नाही. हे बहुतेक गॅरेजच्या अंगावर येईल. पट्टी भिजली, तर तळाचं भोक तुंबलंय, आणि ‘तुमच्या जुन्या टाकीचा गंज’ हे उत्तर ठरलेलं. तेव्हा बिलावरचे ‘टाकी साफ’ हे दोन शब्द उपयोगी पडतील. इंजिनिअरचा अहवाल लेखी, सहीनिशी घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज मूळ फोनवरच राहू द्या. लागलंच तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडू.

निकाल कधी? कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात पुढची तारीख, मग त्याच्या पुढची. १८,५०० रुपयांसाठी हे झेपेल का, ते तुम्ही ठरवा. नोटिशीनंतर गॅरेजनं रक्कम देऊ केली, तर मी तरी घ्या म्हणेन. फक्त तडजोड कागदावर आणि मुदतीच्या आत होऊ द्या.

आणि पत्राच्या शेवटी ‘लग्नाच्या वरातीला गाडी देतो’ असं सहज लिहून गेलात. मित्राच्या लग्नाला एखाद्या वेळी दिली तर हरकत नसावी. नियमित भाडं घेत असाल, तर सेवा व्यावसायिक कामासाठी घेतली म्हणून तुम्ही ‘ग्राहक’च नाही, असं समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल. शिवाय गाडीची नोंद २०२१च्या मोटार वाहन नियमांखाली व्हिंटेज म्हणून असेल, तर व्यावसायिक वापराला मुळात मनाईच आहे. खरं काय ते मसुदा लिहायच्या आधी मला सांगा.